आमची वाटचाल: निचऱ्याचा हिशेब

पाणथळ, खारपट जमिनीखाली पाईप गाडून पाण्याचा निचरा करायचा, त्याचे आकडे काढायचं आमचं काम. या धंद्यात पाईप विकणारा मोठा, हिशेब करणारा किरकोळ. आष्ट्यात दोन खोल्या, सेकंडहँड कॉम्प्युटर आणि भागीदाराने लोहाराकडून करून घेतलेला ऑगर (मातीत भोक पाडायचं गिरमिट), एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. तो ऑगर अजून वापरात आहे. ओल्या काळ्या मातीतून बाहेर काढताना दोघांचा घाम निघतो. पण भोकातलं पाणी उपसून ते परत किती वेगाने चढतं हे मोजल्याशिवाय पारगम्यता, म्हणजे मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं ते, कळत नाही. ती चुकली की ड्रेनमॉड काय, हायड्रस काय, मातीतल्या पाण्याची ही कॉम्प्युटर मॉडेलं सगळी शोभेची. (भोक पाडायचं ते भूजल वर असताना. एप्रिलात कोरड्या भोकात कोण काय मोजणार?)

कृष्णाकाठच्या एका गटाचा सर्व्हे आम्ही पदरमोड करून केला. रोजच्या पावसावर मॉडेल चालवून नकाशा बैठकीत मांडला. एका बड्या पाईपवाल्याने त्याचीच झेरॉक्स घेतली, पाईपच्या ओळींमधलं अंतर दुप्पट केलं आणि एकरी दर पाडला. हुगहूटच्या सूत्राप्रमाणे अंतर दुप्पट करायला पारगम्यता जवळजवळ चौपट लागते. ती काय त्याच्या घरची? काम त्यालाच मिळालं. वर आम्हाला ऐकवलं, "तुमचा कॉम्प्युटर लई पाईप खातो." सर्व्हेचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्यातच 2019 चा महापूर आला, उधारी बुडाली, भागीदाराने नोकरी धरली.

ड्रेनमॉड पाण्याची पातळी दोन ओळींच्या मधोमध काढतं, कारण तिथेच ती सगळ्यात वर असते. त्या गटात नेमका तिथेच मिठाचा पांढरा पट्टा फुलला. बघायला मी मुद्दाम गेलो होतो.

टिकलो ते वाळव्याच्या आण्णांमुळे. कारखान्याचं बिल यायच्या आधीच त्यांनी ॲडव्हान्स हातात ठेवला. "तू आकडे काढ, पाईप मी आणतो." पुढची वर्षं बरी गेली.

आण्णांच्या निचऱ्याच्या तोंडाशी आम्ही चेंबर बांधला, फळ्या घालून पाणी अडवता येईल असा. उन्हाळ्यात तेच पाणी खालून मुळांना मिळतं. पण क्षार धुऊन निघायच्या आधी फळ्या घालू नका. पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. आधी ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) तपासा, मग मॉडेलवर पातळी ठरवा.

हल्ली तोच पाईपवाला चेंबर फुकट देतो म्हणे. पाणी किती फुटांवर धरायचं हे विचारायला मात्र त्याची गिऱ्हाइकं आमच्याकडे येतात. फी आम्ही आगाऊ घेतो.