ताडपत्री एकच, घोडे चार

जमिनीवर ताडपत्री अंथरायची आणि घोड्याला तिच्यावरून चालवायचं. नॅचरल हॉर्समनशिप म्हणजे जबरदस्तीऐवजी घोड्याची देहबोली ओळखून त्याला शिकवण्याची पद्धत. तिच्यातला हा व्यायाम दिसायला सोपा, म्हणून सगळे करतात आणि सर्रास बिघडवतातही. एक घोडा दोन दिवसांत ताडपत्रीवर उभ्याउभ्या डुलकी काढू लागतो. दुसऱ्याला अगदी तसंच शिकवलं, तर आठवड्याभरात तो दोर हातात घेतलेला माणूस दिसला की तबेल्याच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो.

टॉम डोरन्स, रे हंट अशा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडेवाल्यांनी रुजवलेल्या या पद्धतीचं मर्म दाब आणि सोड यांत आहे. हलका दाब द्यायचा आणि घोड्याने योग्य दिशेने जरासा प्रयत्न केला की त्याच क्षणी तो काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. पण प्रत्येक घोड्याचा ‘प्रयत्न’ वेगळा दिसतो, आणि तो ओळखता आला नाही तर सोड चुकीच्या वेळी मिळते. पॅट आणि लिंडा पारेली या घोडे-प्रशिक्षकांनी घोड्यांचे चार स्वभाव मांडले, तेही उजव्या-डाव्या मेंदूच्या भाषेत: उजवा म्हणजे घाबरलेला, डावा म्हणजे धीट. ती मेंदूची भाषा शास्त्र म्हणून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यामागचे दोन प्रश्न मात्र रोज कामाला येतात: घोडा आत्ता घाबरलेला आहे की निवांत? आणि त्याचे पाय हलायला बघतायत की थांबायला?

स्वभावाचं लेबल लावण्याआधी दुखणं तपासा. दातांच्या धारदार कडा, पाठीला लागणारं खोगीर, वाढलेले खूर, पोटातला अल्सर यांपैकी काहीही असलं तरी घोडा ‘अडेल’ किंवा ‘तापट’ दिसतो. खुरांचं काम ६ ते ८ आठवड्यांनी आणि दातांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

साहित्य थोडंच लागतं: रोप हॉल्टर (तोंडात लगाम न घालता डोक्यावर चढवायचा दोराचा मुखपट्टा), १२ फुटांचा जाडसर दोर, ४ फुटांची काठी, हातमोजे, हेल्मेट. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. ताडपत्री सुरुवातीला घडी करून दीड-दोन फूट रुंदीची ठेवा, कडांवर वाळू टाका, वारा असेल त्या दिवशी काढूच नका. आणि ताडपत्रीच्या पलीकडे उभं राहून घोड्याला ओढू नका. घाबरलेला घोडा ताडपत्री चालून जात नाही, उडी मारून ओलांडतो, आणि ती उडी थेट तुमच्या अंगावर येते. त्याच्या खांद्याच्या बाजूला, हातभर अंतर राखून उभे राहा.

घाबरलेला आणि पळू पाहणारा घोडा ओळखायला सोपा. मान वर, शेपूट उचललेली, नाकपुड्या फुललेल्या. याला एका जागी धरून ठेवायला जाल तर फसाल, कारण ताणलेला दोर त्याची भीती वाढवतो. पाय हलू द्या, पण दिशा तुम्ही ठरवा: लहान वर्तुळ, अर्ध्या फेरीनंतर मागचा भाग बाजूला सारून दिशाबदल, पुन्हा अर्धी फेरी. ताडपत्रीकडे जाताना त्याचे दोन्ही कान तिच्यावर रोखले जातात ती जागा ध्यानात ठेवा आणि तिच्या दोन पावलं अलीकडूनच वळा. बुजल्यावर वळलात तर बुजण्याला बक्षीस मिळतं. डोकं खाली येऊन आयाळ संपते त्या उंचीला आलं की ताडपत्रीपासून दूर चालत जा, हीच त्याची सोड. या घोड्याला तोचतोचपणा मानवतो. जागा, क्रम, वेळ सगळं रोज सारखं ठेवा.

घाबरलेला पण गोठणारा घोडा मात्र भल्याभल्यांना फसवतो. तो गप्प उभा राहतो आणि लोक म्हणतात, ‘किती शांत!’ नीट पाहा: डोळे मिटत-उघडत नाहीत, ओठ आवळलेले, हनुवटी कडक, शेपूट चिकटलेली. सांगितलं तर तो ताडपत्रीवर येईलही, पण लाकडासारखा. आणि तिसऱ्या-चौथ्या पावलावर अचानक भडका उडतो, ‘काही कारण नसताना’. कारण पाच मिनिटं समोर दिसत होतं. याला काठी दाखवू नका, बोलून-थोपटून घाईही करू नका. त्याच्याकडून एकच पाऊल मागा आणि थांबा. दोर ढिला, तुमची नजर जमिनीकडे. पहिली पापणी लवली की तुम्ही एक पाऊल मागे सरका. मग उसासा येईल, मान हलेल, चघळणं-चाटणं सुरू होईल. चघळतोय म्हणजे धडा समजला असा अर्थ काढू नका. ताण उतरतोय एवढंच त्यातून कळतं, आणि पुढचं पाऊल त्यानंतरच मागायचं. पंधरा मिनिटांत दोन पावलं झाली तरी तो उत्तम दिवस समजा.

धीट आणि चळवळ्या घोडा ताडपत्री दातांत धरून ओढेल, खुराने उकरेल. त्याला रागावू नका, कामं द्या: ताडपत्रीवर थांब, मागे ये, आडवा सरक. एकच गोष्ट तीनपेक्षा जास्त वेळा करायला लावली की तो स्वतःचा खेळ शोधतो, त्यात बहुधा तुमची बाही चावणंही असतं.

धीट पण जागचा न हलणारा घोडा ‘आळशी’ म्हणून मार खातो. खरं तर तो विचारतो, ‘मी का करू?’ सततची हलकी टोचणी त्याला बधिर करते. चार पायऱ्या ठेवा: नजर आणि देहबोली, दोर हलवणं, काठीची लय, शेवटी स्पर्श. प्रत्येक पायरीला दोन-तीन सेकंद, आणि हलला की सगळं थांबवा. ताडपत्रीपासून दूर थोडं काम करवून घ्या, विश्रांती फक्त तिच्यावर द्या. गाजराचा तुकडा याच्याबाबतीत चोख काम करतो. घाबरलेल्या घोड्याला तो दिला तर बहुतेकदा तोंडच लावत नाही, आणि भीती मोजायला तीही एक चांगली खूण आहे.

हे चार कप्पे कायमचे नसतात. तबेल्यात धीट असलेली घोडी रस्त्यावर ट्रॅक्टर दिसताच गोठू शकते. तेव्हा त्या क्षणाच्या घोडीला उत्तर द्यायचं, कालच्या नाही.

महाराष्ट्रात दोन प्रकारच्या घोड्यांना वेगळी काळजी लागते. सारंगखेड्याच्या बाजारात येणारे अनेक मारवाडी, काठेवाडी घोडे नाचाला तयार केलेले असतात. काठी पायाजवळ गेली की ते पाय उचलून थिरकतात. अशा घोड्याला काठीची तिसरी पायरी म्हणजे नाचायचा हुकूम वाटतो, म्हणून ती गाळा आणि दोर व हात एवढ्यावरच भागवा. काटेरी लगामाला ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरीही अशा लगामाने दुखावलेलं तोंड असेल, तर कित्येक आठवडे लगामाशिवाय फक्त हॉल्टरवर काम करा. दुसरे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. मुंबई आणि पुण्याच्या ट्रॅकवर घोडे उजव्या हाताला, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावतात. डाव्या वर्तुळात असा घोडा ताठर किंवा हट्टी वाटला तर स्वभावाला बोल लावण्याआधी त्या बाजूची वर्तुळं मोठी करा, फेऱ्या कमी ठेवा, आणि ताडपत्री आधी त्याच्या उजव्या वर्तुळात मांडा.