डॉक्टरबाईंच्या नावाचं शिबिर

बाई गेल्या आणि तेराव्या दिवशी आम्ही नऊ जण जमलो. सगळे त्यांच्या रविवारच्या वर्गातले. बाईंचा बायकांचा दवाखाना रविवारी बंद, म्हणून मागच्या खोलीत नववी ते बारावीची पोरं. जीवशास्त्र शिकवता शिकवता बाई बीपीचा पट्टा बांधायला लावायच्या आणि 'फॉर्म भरलास का?' हे दहादा विचारायच्या.

पहिली सूचना पुतळ्याची आली. साहजिकच, १९३८ साली चीनला गेलेले डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे, त्यामुळे डॉक्टरची आठवण म्हटलं की डोळ्यांसमोर स्मारकच येतं. पण बाईंनी आयुष्यभर विडी कामगार बायकांचं रक्त वाढवण्याचा ध्यास घेतला होता. म्हणून विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, हिमोग्लोबिन तपासणी करायचं ठरलं.

तयारीला दोन महिने गेले. एमबीबीएस डॉक्टर हजर हवा. टोचायच्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकायचा, हे माहीत होतं. पण पुढे तो कचरा घेणार कोण? शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांनी ती जबाबदारी घेतली. मराठी पत्रकांसोबत तेलुगू पत्रकंही काढली, कारण तिथल्या कित्येक घरांत तेलुगूच चालते.

तरी पहिलं शिबिर फसलं. चूक सर्वस्वी आमची. सकाळी अकरा वाजता, हॉलमध्ये, दीपप्रज्वलन आणि तीन भाषणं. बायका आल्या २७. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. अकराला हात थांबवून भाषण कोण ऐकणार? बाईंनी आम्हाला हातच जोडले असते.

दुसऱ्या वर्षी संध्याकाळी सहाला गल्लीतच टेबल मांडलं. हार, शाल, फ्लेक्स काही नाही. पहिल्याच आजींनी हात मागे घेतला. "बोट टोचलं तर उद्या पान कसं वळू?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही डाव्या हाताची अनामिका धरायला लागलो. त्या रात्री ११८ जणींची तपासणी झाली. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर तो पंडुरोग. ६४ जणींचं १२ च्या खाली निघालं. फार कमी असलेल्यांना डॉक्टरांनी लगेच पुढे पाठवलं.

लोहाच्या गोळ्या वाटणं सोपं, त्या पोटात जाणं अवघड. शौच काळी होते म्हणून बायका घाबरून गोळी सोडतात. ती लोहामुळेच होते, हे आधीच सांगावं लागतं. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे तर सोलापुरात सांगून पटत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या म्हटलं की पटतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. वही आता बाईंच्या शेवटच्या वर्गातल्या बारावीच्या दोन मुली सांभाळतात. ६४ पैकी ४१ जणी आल्या. उरलेल्या २३ घरांची यादी मुलींनी गल्लीवार लावली आहे. मंगळवारी सहाला निघायचंय, आणि माझ्याकडे चौदा घरं आली आहेत.