पोक

"पोक काढू नोको बाप्पा, बुढ्यावानी दिसते." माय हे मला शाळेत होतो तेव्हापासून सांगत आली. आता मी ४२ वर्षांचा झालो तरी सांगते. फरक एवढाच की तेव्हा माझ्या हातात पुस्तक असायचं, आता मोबाइल असतो.

गेल्या दिवाळीनंतर मान धरली. मागं पाहायचं तर अख्खा देह बैलबंडीसारखा वळवावा लागे. शेवटी तालुक्याला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यात एक माणूस खुर्चीवर ताठ बसलेला, गुडघे काटकोनात, पावलं जमिनीला टेकलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वाकू नका'. माझ्या शेजारी बाकावर दोन बाया बसल्या होत्या. वेचणीवरून सरळ आल्या असाव्यात, बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. त्यातली एक बराच वेळ त्या तक्त्याकडं पाहत राहिली आणि दुसरीला म्हणाली, "कापूस का वरतून लटकते वं?"

डॉक्टरांनी मला डोक्याचं वजन सांगितलं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर राहिलं तर मानेला जड नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जननं गणित मांडलं की मान ६० अंशांत झुकवली तर तिच्यावरचा भार २७ किलोंवर जातो. म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याची जवळजवळ एक थैली. तशी थैली शेतात न्यायची म्हटलं तर मी आधी बंडी शोधतो. आणि रात्री तेवढाच भार मानेवर घेऊन दोन-दोन तास कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो पाहतो! गणित कागदावरचं आहे, खऱ्या मानेला काटा लावून केलेलं नाही. पण माझ्या मानेला ते पटलं.

काटा लावणारा माणूसही होऊन गेला म्हणा. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जित्या माणसांच्या कमरेत, दोन मणक्यांमधल्या मऊ चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसण्यात दाब जास्त, पुढं वाकून बसलं की आणखी जास्त, असं निघालं. माझ्या मायच्या बाजूनंच निकाल गेला. मग १९९९मध्ये जर्मनीत पुन्हा तसं मोजलं, तर मागं सैल रेलून बसलेल्याचा दाब उभ्यापेक्षाही कमी भरला. मला फार बरं वाटलं. मायला सांगितलं. तिनं परातीतून नजरही वर केली नाही.

त्या चकत्यांची गोष्ट मात्र मला आवडली. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. दाबली, सुटली, पुन्हा दाबली, असं झालं तरच तिच्यात पाणी आणि पोषण खेळतं. दिवसभराच्या भारानं ती चेपत जाते, म्हणून संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटका असतो आणि रात्री आडवा झाला की पुन्हा भरून निघतो. हे कळल्यापासून मी मायचं बसणं न्याहाळायला लागलो. एका तुरीच्या परातीमागं ती पाच-सहा तऱ्हांनी बसते. आधी मांडी, मग एक गुडघा उभा, मग पाय लांब, मग उकिडवी, शेवटी फतकल मारून. कुणी शिकवलं नाही. अंग अवघडलं की बदलते. मी मात्र प्लास्टिकच्या खुर्चीत सकाळी जसा ठेवला तसा दुपारी सापडतो.

एके दिवशी ओसरीत परीक्षाच घेतली. ब्राझीलच्या डॉक्टरांची ती रीत आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. १० गुण, हात किंवा गुडघा टेकला की एक कमी, तोल गेला तर अर्धा कमी. ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना त्यांनी असं उठवलं-बसवलं, काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०१२मध्ये छापलं की कमी गुणांची माणसं जास्त प्रमाणात दगावली. आता उठबस जमली म्हणून कुणी अमर होत नाही. ज्याचे पाय, तोल, सांधे धड आहेत त्यालाच ती जमते, एवढाच त्याचा अर्थ. माय ६४ची. तिनं उठताना एकदा गुडघ्यावर हात ठेवला, ९. माझे किती ते विचारू नका. खुर्चीचा आधार धरायला गेलो तर खुर्चीच आडवी झाली.

आजी अखेरच्या वर्षांत कमरेतून पार वाकली होती. आम्ही सगळे म्हणायचो, जन्मभर निंदण केलं, वाकणारच. एक्स-रे काढला तेव्हा कळलं, हाडं ठिसूळ होऊन मणके चेपले होते. कधी चेपले ते तिलाही आठवत नव्हतं. अंगात असं मोडत असताना ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, आणि आम्ही तिला ताठ बसायला सांगत होतो.

पण निंदणाचाही वाटा असतोच. कॅलिफोर्नियात भाजीच्या शेतांवर मजुरांच्या हाती आखूड दांड्याचं कुदळं देत. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखूडसं. दिवसभर दुमडून राबायचं. कुणी कंबर सरळ केली तर मुकादमाला लांबूनच दिसे. पाठी मोडल्या, तक्रारी झाल्या, आणि १९७५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते कुदळं बंद झालं. मला त्या तक्त्यापेक्षा हा निकाल जास्त पटतो. माणसाला 'वाकू नका' सांगण्यापेक्षा दांडा लांब केला.

म्हणून यंदा श्रावणात सायकल डवरा आणला. जुन्या सायकलचं चाक, वर मुठी, खाली पास. उभ्यानं ढकलायचा. माय दोन तास चालली, खूशही दिसली. मग तिनं तो बांधाला टेकवला, कमरेचं खुरपं काढलं आणि पऱ्हाटीच्या तासात उकिडवी बसली.

"काय झालं वं?"

"मधातलं निंघालं. झाडाच्या बुडातलं तुहा डवरा काढन का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीही बाजूच्या तासात बसलो. टाचा जमिनीला टेकेनात, पोटऱ्या दहा झाडांतच भरून आल्या. माय तोवर तासाच्या शेवटाला पोचली होती. उठली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं रेलली, थोडा वेळ आभाळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून तिथूनच ओरडली,

"पोक काढू नोको!"