कोलंबसचा भाव

यंत्रांचं मूल्यांकन हा माझा धंदा. भोसरीला ऑफिस आहे. कुठे प्रेस शॉप बंद पडलेलं असतं, कुठे फाउंड्रीचं कर्ज थकलेलं असतं. बँक कळवते, आम्ही जातो, मोजतो, फोटो काढतो आणि अमुक वस्तू आज बाजारात किती रुपयांना जाईल ते सही-शिक्क्यानिशी लिहून देतो. लेथची किंमत मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. आकाशपाळण्याची किंमत मात्र तोवर कुणी विचारली नव्हती.

पार्कचं नाव देत नाही. पुण्यापासून तासाभरावर, हायवेला लागून. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं आणि पुढची दहा वर्षं, ज्याच्याकडे रस्त्यालगत पंधरा-वीस एकर आणि थोडी हौस होती त्या प्रत्येकाला आपणही एक काढावं असं वाटत राहिलं. त्यातलंच हे एक. पुण्यात तोवर पोरांना फिरवायचं म्हणजे सारसबाग, संभाजी बाग आणि पेशवे पार्कातली १९५६ पासूनची फुलराणी, ती छोटी आगगाडी. त्यामुळे सुरुवातीची वर्षं पार्कने चांगली काढली. शाळांच्या सहली, पिंपरी-चिंचवडमधल्या कंपन्यांचे फॅमिली डे, उन्हाळ्यात तिकिटाला रांग.

आता जमीन बिल्डरला जाणार होती. मालकाने बँकेशी एकरकमी तडजोड केली होती आणि ती रक्कम जमिनीतूनच फिटत होती. पण यंत्रं तारण होती, बोजा उतरवण्याआधी त्यांची किंमत कागदावर हवी होती. मॅनेजर फोनवर म्हणाले, "सगळं भंगारच आहे हो. वजनावर लावून टाका, दिवसभरात उरकेल."

गेटवर घ्यायला मामा आले. पार्कचे फोरमन. साठीच्या आसपास, खाकी शर्ट, खिशाला टेस्टर. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मालकाचा मुलगासुद्धा.

"आधी चहा का आधी काम, साहेब?"

"आधी काम, मामा. ऊन चढेल."

आम्ही आकाशपाळण्यापासून सुरुवात केली. सोळा केबिनचा पाळणा, पण लटकत होत्या आठच. मला वाटलं, विकल्या असतील. मामा म्हणाले, "विकल्या नाहीत. एक केबिन खराब झाली की समोरची चांगली असली तरी उतरवावी लागते. नाही तर चाक एका बाजूला ओढतं, मोटरीवर लोड येतो." म्हणजे एका केबिनचा तळ गंजला की दोन जायच्या. नवी करून घ्यायला कोटेशन मागवलं होतं, ते ऑफिसात पडून राहिलं. शेवटच्या सीझनला आठ केबिनांवर पाळणा फिरत होता आणि लोक खाली उभे राहून, हा असाच असतो का, असं विचारत होते.

मेरी-गो-राउंडच्या घोड्यांपाशी मी जरा रेंगाळलो. एका घोड्याच्या मानेवरचा रंग उडाला होता आणि खाली थर दिसत होते: वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा, तळाला मूळचा लाल. कानाचं टोक तुटलं होतं, तिथून काचेचे धागे बाहेर आलेले. हात लावला आणि दिवसभर बोटं खाजवत बसलो. पार्कमध्ये जे जे देखणं असतं, घोडे, बदकं, पाण्याच्या घसरगुंड्या, दरवाजावरचा राक्षस, ते सगळं फायबरचं. आणि फायबरला भंगारात किंमत शून्य. लोखंड वितळतं. हे वितळत नाही, तापवलं तर जळतं. कुदळवाडीचा भंगारवाला सगळा पार्क उचलायला तयार असायचा, पण फायबर घ्या म्हटलं की उलट तोच पैसे मागायचा. माझ्या तक्त्यात घोड्यांपुढे मी उणे रक्कम लिहिली, हलवण्याचा खर्च म्हणून. पोरांनी ज्यासाठी हट्ट धरला ते सगळं वजाबाकीत, आणि ज्याकडे कुणी बघितलं नाही त्या मोटरी, गिअरबॉक्स, केबल बेरजेत.

वेव्ह पूलच्या मागे एक खोली असते, ती पाहुण्यांना कधी दिसत नाही. तिथले ब्लोअर भिंतीआडच्या कप्प्यांत हवा दाबतात, कप्प्यातलं पाणी खाली ढकललं जातं आणि तलावात लाट उठते. लाट म्हणजे सगळी वीज. या खोलीत ब्लोअरचे तीन चौथरे होते, त्यावर ब्लोअर एक. पॅनेलचं दार उघडलं तर आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारे स्विच, गायब, वायरींची टोकं इन्सुलेशन टेप मारून नीट दुमडून ठेवलेली. चोरी झाली की टोकं अशी नसतात. ही कुणी तरी जपून काढलेली होती.

"कुठे गेलं हे?"

"सांगतो. आधी सगळं बघून घ्या."

मला मग तेच दिसू लागलं. टोराटोरा या गोल फिरणाऱ्या राइडची मोटर जागेवर नाही. डॅशिंग कारच्या अर्ध्या गाड्यांना सीट आहेत, चाकं नाहीत. पार्कची मिनीबस शेडमध्ये विटांवर उभी, टायरांशिवाय. कारखान्यातही हे पाहिलंय मी. नवा भाग घ्यायला पैसे मिळेनासे झाले की माणसं एका मशीनचं काढून दुसऱ्याला लावतात. तिथून पुढे कारखाना बंद कधी पडला ती तारीख फक्त कागदासाठी असते.

गर्दी का आटली, याची कारणं मामांनी जेवताना सांगितली आणि ती मला पटली. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. पुण्याहून एक्स्प्रेसवेने तिकडे जाणं सोपं, आणि एकदा ते पाहिलेली पोरं इकडे येऊन नाक मुरडायची. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि पाण्याजवळ मुलं न्यायला मुख्याध्यापक कचरू लागले. इथला निम्मा धंदा पाण्याचा आणि हिवाळ्याचा आधार शाळांचा. जुलै २०१७ ला जीएसटी आला तो २८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आणला, पण मधला दिवाळी-नाताळचा सीझन गेला तो गेलाच. मग २०२० चा मार्च. तिकीट विकलं जावो न जावो, मंजूर लोडवरचे डिमांड चार्जेस विजेच्या बिलात येतच होते.

तरी मला या यादीत खरं कारण सापडत नाही. इमॅजिका होण्याआधीच पार्कने नवी राइड आणणं थांबवलं होतं. मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. राइडवर कोटभर घातले तर ते परत येतील याची खात्री नाही. काहीच केलं नाही तर आजूबाजूला स्कीम उभ्या राहतात आणि जमीन आपोआप वाढते. पार्क चालू ठेवण्यापेक्षा पार्कखालची जमीन धरून ठेवण्यात जास्त मिळत होतं. दिल्लीचं अप्पू घरही, १९८४ ला सुरू झालेलं, २००८ साली असंच जागेपायी गेलं. तिथे सर्वोच्च न्यायालयाला आणि मेट्रोला जमीन हवी होती. इथे टू-बीएचकेला हवी होती, एवढाच फरक.

जेवण झाल्यावर मामा म्हणाले, "आता कोलंबस."

कोलंबस म्हणजे झोके घेणारी ती होडी. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण सकाळपासून तिच्या खालच्या कडुनिंबाखाली एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. गावोगावच्या जत्रांत पाळणे लावणारे व्यापारी. मामांनीच त्यांना बोलावलं होतं. कोलंबस चालू स्थितीत असेल तर ते भंगाराच्या दुपटीहून जास्त द्यायला तयार होते, मात्र बँकेच्या इंजिनिअरने तसं लिहून द्यायला हवं. आणि यंत्रांचं जे काही येईल त्यातून कामगारांची थकलेली देणी द्यायची, असं मालकाने तोंडी कबूल केलं होतं. झाडांना पाणी घालणारी, तिकीटखिडकीवरची, लाइफगार्डची पोरं, सगळी त्या दिवशी काही काम नसताना आली होती. का आली होती ते मला तेव्हा कळलं.

मामांनी सीटवर वाळूची पोती बांधली होती. रिकामी होडी चालवून दाखवायला कुणालाही येतं. त्यांनी माणसांच्या वजनाइतकी पोती चढवली होती. बटण दाबलं. होडीच्या पोटाखाली एक टायर असतो, तो हवेच्या दाबाने वर येऊन तळाला घासतो, एकदा पुढे ढकलतो, एकदा मागे. होडी हलली, झोका वाढत गेला. आवाज स्वच्छ होता. मोटर टोराटोराची, कॉन्टॅक्टर वेव्ह पूलचे, टायर मिनीबसचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. मी वाकून वाचले, २३१३. बसचा २०१३ मध्ये बनलेला टायर इथे घासून गुळगुळीत झाला होता. मामांनी अख्खा पार्क एका होडीत गोळा केला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. व्यापारी उठून उभे राहिले.

"आता थांबवा," मी म्हटलं, "आणि शिडी आणा."

वर, जिथे होडीचे हात शाफ्टच्या ब्रॅकेटला मिळतात, तिथली वेल्डिंग मला बघायची होती. नोकरीत माझी सुरुवातीची वर्षं वेल्डिंग तपासण्यात गेली, त्यामुळे तीन स्प्रे-डबे अजून बॅगेत असतात: क्लीनर, लाल रंग, पांढरी पावडर. भेग असली तर लाल रंग तिच्यात शिरतो आणि पावडर तो बाहेर ओढून दाखवते. लोखंड उन्हाने चटके देत होतं म्हणून चारपर्यंत थांबलो. मग सांध्यावरचा रंग खरवडला, पुसला, लाल स्प्रे मारला. पंधरा मिनिटं काही बोलायचं नव्हतं. लाल रंग फडक्याने पुसून काढला आणि पांढरा फवारा दिला. उजव्या हाताच्या सांध्यावर आधी एक ठिपका दिसला. मग ठिपक्याची रेघ झाली, केसाएवढी, वेल्डच्या कडेने बोटभर लांब.

मामा शिडीवर माझ्या मागेच होते. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वेल्डवर वेल्ड मारलंय तिथे. मी सांगितलं होतं, सर्टिफाइड वेल्डर आणा म्हणून. रजिस्टरला लिहिलंय."

खाली आल्यावर त्यांनी ते रजिस्टर काढून दाखवलं. खरंच लिहिलं होतं. सुरुवातीच्या पानांना तापकीर गल्लीची आणि नाना पेठेतली बिलं टाचलेली, बेअरिंगचे नंबर, सह्या. पुढे पुढे बिलं विरळ होत गेली आणि कुठलं काढून कुठे लावलं त्याच्या नोंदी वाढल्या. त्या वेल्डची नोंद होती आणि पुढे मामांच्या अक्षरात, 'वरच्यांना कळवले.' वरच्यांची सही नव्हती.

व्यापारी म्हणाले, "साहेब, तेवढं मी करून घेईन की. माझा वेल्डर आहे. तुम्ही फक्त चालू लिहा."

मी नाही म्हटलं. ते करून घेतीलही, पण कुठल्या गावात, कुणाच्या देखरेखीखाली, हे मला कधीच कळणार नव्हतं. पोरांमधला एक पुढे येऊन म्हणाला, "एवढीशी रेघ आहे, सर." त्याचा पगार किती महिन्यांचा अडकलाय हे मामांनी जेवताना सांगितलं होतं, त्यामुळे मला त्याच्याशी वाद घालवेना. मामांनीच त्याला गप्प केलं. "त्यात पोती बसणार नाहीत, पोरं बसणार आहेत," एवढंच म्हणाले आणि पोती सोडायला गेले.

अहवालात मी कोलंबस भंगारात धरला आणि अट घातली की होडीचे हात गॅस कटरने जागेवरच तोडावेत, मगच माल गेटबाहेर जावा. मॅनेजरांना ही अट नको होती, कटिंगचा खर्च कोण करणार म्हणून. मी मोटर, गिअरबॉक्स आणि कॉम्प्रेसर वेगळे काढून चालू मालात लावले. ते खरोखर चांगले होते, मामांनी ठेवले होतेच तसे. त्यांची किंमत भंगाराहून बरीच वर गेली. व्यापाऱ्याने तीच खरेदी केली. कामगारांना त्यातून काही मिळालं, सगळं नाही. उरलेल्यासाठी ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेपा घालत होते असं नंतर कानावर आलं.

लोखंड जालन्याला भट्टीत गेलं, बहुतेक भंगार तिकडेच जातं. त्याच्या सळ्या झाल्या असतील. फायबरवरून मात्र बिल्डर आणि भंगारवाला यांच्यात जुंपली आणि घोडे पावसाळाभर कुंपणाशी रचलेले होते.

दिवाळीच्या आसपास मामांचा फोन आला. ते त्याच व्यापाऱ्याकडे लागले होते, जत्रांच्या सीझनआधी पाळणे तपासायला. मला वाटलं, कोलंबसवरून काही ऐकवतील. त्यांनी विचारलं, "साहेब, ते तीन डबे कुठे मिळतात? नाना पेठेत विचारलं, कुणाला माहीत नाही."

"भोसरीला मिळतील, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात. पण मामा, तिन्ही एकाच कंपनीचे घ्या. आणि लाल रंग पुसताना क्लीनर थेट सांध्यावर मारू नका, भेगेतलापण धुऊन निघतो. फडक्यावर घ्या."

"फडक्यावर," मामा म्हणाले. "थांबा, लिहून घेतो."