जड स्क्वॉट कोणत्या दिवशी?

सहा वर्षे माझा व्यायाम म्हणजे बारबेल, दोन्ही टोकांना वजने लावलेली दांडी, एवढाच होता. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे), बेंच प्रेस आणि पुल-अप यांच्याभोवती माझा आठवडा फिरत असे, आणि धावण्याचा संबंध वॉर्म-अपच्या पाच मिनिटांपुरताच होता. मग मी १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशा अंतराच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवले, आणि ज्याला ज्याला सांगितले तो तो मला वजने सोडण्याचा सल्ला देऊ लागला. मला ती सोडायची नव्हती. तयारी आणि स्पर्धा दोन्ही पार पडल्यावर आज मी ठामपणे म्हणू शकतो की त्याची गरजही नव्हती. चूक वजने उचलण्यात नव्हती, ती आठवड्यात कोणत्या दिवशी उचलायची याचा हिशेब चुकला होता.

माझे पहिले वेळापत्रक कागदावर अगदी शहाणपणाचे दिसत होते. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी पोहणे, बुधवारी वेगाचे धावणे, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी पुन्हा पोहणे, शनिवारी लांब सायकल आणि रविवारी लांब धाव. एका दिवशी दोन अवघड कामे येऊ नयेत, एवढाच त्यामागचा विचार होता. पाचव्या आठवड्यातली बुधवारची सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. एक-एक किलोमीटरच्या पाच वेगवान फेऱ्या ठरल्या होत्या. तिसऱ्या फेरीत घड्याळातील हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा कमीच होते, श्वास इतका मोकळा होता की मी सहज बोलू शकलो असतो, पण मांड्या उचलल्या जात नव्हत्या. दम शिल्लक होता, पाय नव्हते. वहीत त्या दिवशी मी फक्त ‘पाय जड’ एवढेच लिहिले, आणि मागची पाने उलटून पाहिली तेव्हा हेच दोन शब्द जवळजवळ प्रत्येक बुधवारी आणि शनिवारी आढळले.

याचे कारण गूढ नाही. जड वजनानंतर स्नायू ज्या तऱ्हेने भरून येतात, ते दुखणे साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. म्हणजे सोमवारच्या स्क्वॉटची किंमत नेमकी बुधवारी आणि गुरुवारच्या डेडलिफ्टची शनिवारी वसूल होत होती. अवघड कामे वेगवेगळ्या दिवशी वाटून मी शरीराला विश्रांती देतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात आठवड्यात एकही दिवस असा उरला नव्हता की ज्या दिवशी पाय खरोखर ताजे असतील.

वजने आणि दमसास यांचे जमत नाही, ही समजूत मुख्यतः रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगातून आली. दहा आठवडे एका गटाने केवळ ताकदीचा, दुसऱ्याने केवळ सहनशक्तीचा आणि तिसऱ्याने दोन्हींचा सराव केला. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीचे काही आठवडे वाढली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. पुढे या घसरणीचे पेशींच्या पातळीवरील स्पष्टीकरणही मांडले गेले, आणि जिममध्ये आजही लोक त्याच धास्तीने ट्रेडमिलपासून दूर राहतात. मला मात्र त्या प्रयोगातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तिसरा गट आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस सहनशक्तीचा कडक सराव करत होता, आणि इतक्या भाराखाली कोणीही थकेल. दुसरी म्हणजे त्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मात्र केवळ सहनशक्तीचा सराव करणाऱ्यांइतकीच वाढली होती. ज्याला शर्यत धावायची आहे, त्याच्यासाठी ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा मोठी आहे.

म्हणून मी अवघड कामे एकत्र आणली. बुधवारी सकाळी वेगाचे धावणे आणि मध्ये किमान सहा तास सोडून त्याच संध्याकाळी स्क्वॉट. गुरुवारी केवळ सावकाश पोहणे. शनिवारची लांब सायकल एकटीच ठेवली, कारण अडीच-तीन तास हँडलवर वाकून बसल्यानंतर कंबर डेडलिफ्टसाठी तयार नसते, हे मी एकदा अनुभवले आहे आणि पुन्हा अनुभवू इच्छित नाही. डेडलिफ्ट रविवारच्या धावेनंतर संध्याकाळी गेली, तीही कमी सेटची (सेट म्हणजे सलग उचलींची एक फेरी), आणि सोमवार पूर्ण सुटीचा झाला. थकलेल्या पायांनी स्क्वॉट करताना बारवर पाच ते दहा किलो कमी ठेवावे लागले, आणि इतकी वर्षे आकडा वाढवत आलेल्या माणसाला ते मान्य करणे सोपे गेले नाही. ज्याचे ध्येय ताकद आहे त्याने हा क्रम उलटा करावा, आधी वजने आणि मग धाव. माझी शर्यत बारखाली नव्हती.

वजने किती आणि कशी, याबाबतही माझी समजूत बदलली. सहनशक्तीच्या खेळाडूने हलके वजन घेऊन वीस-वीस रेप (एका सेटमधील पुनरावृत्ती) करावेत, असे मी आरंभी मानत होतो. पण मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीने तीन तास सायकल चालवली तर प्रत्येक पाय १६,२०० वेळा पेडल दाबतो. हलक्या भाराची पुनरावृत्ती तेथे पुरेशी होते. जिममध्ये मिळवायचे ते रस्त्यावर मिळत नाही असे काही, म्हणजे जड वजन. त्यामुळे चार-पाच रेपचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये दोन रेप शिल्लक राहतील अशा बेताने, दोन सेटच्या मध्ये पूर्ण विश्रांती, आणि त्यानंतर पोटऱ्यांचे काम. अशा सरावाने त्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागतो, हे धावपटूंच्या आणि सायकलपटूंच्या अभ्यासांत दिसून आले आहे. जोडीचे सगळे लहानसहान व्यायाम मी काढून टाकले. खांद्यांचे काम पोहण्यातच बरेच होत होते, म्हणून बेंच प्रेस दोन सेटांवर आणली. पुल-अप तेवढे राहिले.

एक गोष्ट मात्र मी उशिरा ओळखली आणि तिच्याविषयी मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे. सराव दुप्पट झाला होता, जेवण तेवढेच राहिले होते. दोन महिन्यांत वजन चार किलोने उतरले तेव्हा मला आनंदच झाला. पण झोप मोडू लागली, सकाळची नाडी वाढली आणि बार खाली ठेवताना हात थरथरू लागले. कमी ऊर्जेवर सतत सराव केल्याने हाडे, हार्मोन आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, ते उगाच नव्हे. मी शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घेऊ लागलो आणि लांब सरावाच्या दिवशी पिष्टमय पदार्थ निःसंकोच वाढवले. तीन आठवड्यांत झोप परत आली. वेळापत्रक कितीही सुधारले असते तरी हे त्यातून सुटले नसते.

शर्यतीच्या दहा दिवस आधी शेवटचा जड स्क्वॉट केला आणि त्यानंतर केवळ एकदा, हलक्या वजनावर, अंग मोकळे करण्यापुरता. धावण्याच्या सोळाव्या किलोमीटरला माझा वेग कमी झाला, पण कंबर खचली नाही आणि पावले ओढावी लागली नाहीत. तयारीच्या आरंभी पाच रेपसाठी ११० किलो असलेला माझा स्क्वॉट शर्यतीच्या सुमारास १०० वर आला होता. आठवड्यातून दोन दिवस जिम आणि कमी धावणे असे ठेवल्यावर सहाव्या आठवड्यात तो पुन्हा ११० झाला.