शिंपला वाऱ्यावर, बीळ जागेवर

नागपुरात बसून समुद्राबद्दल लिहिलं की लोक हसणारच. पण जिथे खडक म्हणजे एकतर बेसॉल्ट नाहीतर ग्नाइस, अशा गावात भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईला चुनखडकाचं वेड लागलं, तर काय करता? त्यातही माझा जीव समुद्रकाठच्या, दगड झालेल्या वाळूच्या टेकड्यांवर.

ही वाळू आपल्या कन्हानच्या वाळूसारखी नाही. हिच्यात मुख्यतः शंखशिंपल्यांचा चुरा. वारा तो किनाऱ्यावरून उचलून टेकडीवर रचतो. पावसाचं पाणी त्यातला थोडा चुना विरघळवतं आणि तोच चुना कणांच्या फटीत पुन्हा बसतो. झाला दगड! सौराष्ट्रातला मिलिओलाइट याच कुळातला. १८४९ मध्ये कार्टर या निसर्गअभ्यासकाने हे नाव दिलं, कारण त्यात मिलिओलिड या सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं सापडतात. किनाऱ्यापासून दूर, टेकड्यांवरही तो दिसल्यावर वाद पेटला: समुद्र तिथवर चढला होता, की वाऱ्याने कवचं नेली? कवचाची साक्ष अशी कच्ची. बीळ मात्र कोणी उडवून नेत नाही.

कोकणात पुळणीवर पाऊल वाजलं की सुळकन आत शिरणारे फिकट खेकडे पाहिलेच असतील. त्यांच्या जातभाईंची बिळं बहामा बेटांवरच्या अशाच दगडी टेकड्यांत आहेत, इंग्रजी जे किंवा वाय अक्षराच्या आकाराची. शास्त्रातलं नाव सिलोनिक्नस. खेकड्याचा पत्ता लागत नाही, घर तेवढं उरतं. हा गडी भरतीरेषेच्या आसपास आणि वर राहणारा. त्याच्या खालच्या, पाण्यातल्या वाळूत कोळंबीसारखे प्राणी बिळाच्या भिंतीला वाळूच्या गोळ्यांचा गिलावा करतात, ते ओफिओमॉर्फा. एकाच कड्यात खाली ही आणि वर खेकड्याची बिळं दिसली, की समजायचं समुद्र मागे हटला. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा काही मीटर उंच होता. त्या काळाचे खडक वाचताना ही बिळं फार कामी येतात.

मैत्रिणीने पोरबंदरहून तळहाताएवढा तुकडा आणला. "हे घे तुझं बीळ!" मी भिंग लावलं. नळी खाली बारीक होत गेलेली, फाटे फुटत शेवटी केसाएवढे, भोवती चुन्याची साल. प्राणी आपल्या अंगाच्या मापाने खणतो, त्यामुळे बिळाची जाडी सहसा फारशी बदलत नाही. मागे वाळू ढकलत गेला असेल तर आत चंद्रकोरीचे थर दिसतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. ही झुडपाची मुळी.

"म्हणजे फुकट गेलं?"

"बीळ नाही ना ते."

"काहून? मुळी काय वाऱ्यानं उडते?"

बरोबर बोलली. मुळी होती म्हणजे झुडूप उगवलं तेव्हा तरी ती वाळू पाण्याबाहेर होती. वाळू साचत असतानाच उगवलं की बऱ्याच काळाने, ते एवढ्याशा तुकड्यावरून ठरत नाही. अख्खा कडा पाहावा लागतो. पोरबंदरची गाडी नागपूरवरूनच जाते. दिवाळीच्या सुट्टीतलं आरक्षण बघतेय.