तीन नंबरचा गाळा

रविवार, रात्रीचे साडेनऊ. बाहेर आपला बेळगावी पाऊस. थांबत नाही, कोसळत नाही, नुसता लागून राहिलाय.

कालपासून माझ्या जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीला मुद्दाम हात लावला नाही. आज टॅपेट बघायचे होते, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व आणि त्यांना दाबणारे खटके यांच्यातली बारीक फट, गाळा, मापायची होती. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाचे टॅपेट रात्रभर थंड पडलेल्या इंजिनातच बघायचे. जरा कोमट असलं तरी माप चुकतं. सकाळी नोंद करायला वही काढली आणि तिच्याखालची पहिली वही हाताला लागली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा, आत १९९३. मग टॅपेट राहिले बाजूला. शेडमध्ये स्टुलावर बसून दुपारपर्यंत वहीच वाचली.

तेव्हा मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मडगावच्या मामांनी त्यांची बीटल मला दिली ती त्याच उन्हाळ्यात. १९६१ ची गाडी. पोर्तुगीज असताना गोव्यात परदेशी गाड्या भरपूर यायच्या. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्याच्या काही महिने आधी मामांच्या वडिलांनी ती घेतलेली. इंजिन मागे, चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, चारही आडवे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४, म्हणजे ११९२ सीसी. ताकद ३४ अश्वशक्ती. पाणी नाही, रेडिएटर नाही. डायनॅमोच्याच दांड्यावर पंखा बसवलेला, एका पट्ट्यावर दोन्ही फिरणार. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. तो दिवा लागला तर घरी जाऊन बघू म्हणायचं नाही, जिथं असशील तिथंच बंद कर, हे मामांनी किल्ली हातात देतानाच बजावलं होतं.

मला ती गाडी अतोनात आवडली होती. पण घाटात माणसं भरून चढताना मागचा ट्रक हॉर्न मारत अंगावर यायचा, तेव्हा जीव कानकोंडा व्हायचा. तिला थोडं जोरदार करायचं, एवढं एकच डोक्यात होतं. कारखान्यात ज्यांनी ही केली त्यांनी काहीतरी हातचं राखून ठेवलंय आणि ते मी काढणार, असं मनापासून वाटायचं.

सुरुवात जेटने झाली, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याने. गाडी बेळगावात आल्यापासून प्लग काळे पडत होते, सायलेन्सरला काजळी. कार्बोरेटर मडगावात बसवलेला, समुद्राच्या पातळीवर. आपण इथं अडीच हजार फुटांवर. इथली हवा सात-आठ टक्के विरळ. जेटमधून पेट्रोल जवळपास तेवढंच यायचं, हवा मात्र कमी, म्हणजे मिश्रण जाड. जेटवरचा आकडा शंभराने भागला की भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. १२५ लिहिलं असेल तर सव्वा मिलिमीटर. एक नंबर खालचा जेट घातला, चाळीस किलोमीटर फिरवली, प्लग काढला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग. वहीत त्या दिवशी मी नुसतं 'जमलं' लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. ते पान बघून आजही बरं वाटलं.

दुसरं काम कॉम्प्रेशनचं, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती दाबतो त्याचं, आणि वहीतली सगळ्यात जास्त पानं त्याच्यात गेलीत. मूळ प्रमाण सातास एक. चार बोल्ट काढले की हे इंजिन गाडीतून सुटतं. मित्राला हाताशी घेऊन खाली उतरवलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून उताणं ठेवलं, प्लग लावला, जाड काचेचा तुकडा ग्रीस लावून वर बसवला आणि औषधाच्या दुकानातल्या २० मिलीच्या सिरिंजने रॉकेल सोडत चेंबरची जागा मोजली. चारही चेंबर, प्रत्येकी तीनदा. मग पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा त्यात मिळवली. एका सिलिंडरचे २९८ सीसी, वर उरणारी जागा जवळजवळ ५०. बॅरल, म्हणजे सिलिंडरची नळी, हेडमध्ये जिथं टेकतो ती बैठक एक मिलिमीटर खोल केली की साडेचार सीसीच्या वर जागा कमी होते, प्रमाण ७.६ च्या आसपास जातं. वाचायला फार नाही वाटत, पण इतक्या लहान इंजिनाला तेवढंही पायाखाली कळतं.

बैठक कोण खोल करणार? बेळगावात तो प्रश्न पडत नाही. उद्यमबागेत लेथ नाही अशी गल्ली शोधावी लागेल. फाउंड्रीत ओतायचं, शेजारी घासायचं, पलीकडे ग्राइंडिंग. मी मात्र तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. मूळचे हुक्केरीकडचे. घरात कानडी, आमच्याशी मराठी, गिऱ्हाईक दमलेलं असलं की हिंदी. शेतातल्या पंपांची इंजिनं उघडण्यात त्यांचा जन्म गेलेला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतः मोटार तयार केली, 'मीरा' नावाची, ती शेवटपर्यंत विक्रीला आली नाही, ही गोष्ट त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितली आणि सांगताना हातातला पाना खाली ठेवला. आपल्या भागातल्या माणसाने गाडी केली याचा त्यांना फार अभिमान. मला ते 'तम्मा' म्हणायचे, धाकटा भाऊ. लेथवर हत्यार पुढे सरकत असताना मी वाकून बघत होतो. नेमका एक मिलिमीटर झाला तशी त्यांनी माप न लावता सांगितलं, "साकु." म्हणजे पुरे. मी मग मापून बघितलं. पुरेच होतं.

त्यांनी इंजिन बसवताना विचारलं, "खालचे पत्रे कुठं हायत?"

सिलिंडरच्या खाली, दोन्ही बाजूंना वाकवलेले छोटे पत्रे असतात. गंजून चाळण झाली होती त्यांची, म्हणून मी काढून ठेवले होते. पंखा वर, हवा वरून येते, खालच्या पत्र्याचं काय काम, असा माझा हिशोब. इंजिनाभोवतीची रबराची पट्टीही तुकडे पडून गेलेली. मी म्हटलं, नंतर लावू. मिस्त्रीमामा काही बोलले नाहीत, पण तोंड वाकडं झालं होतं हे आज आठवतंय.

तिसरं काम माझं एकट्याचं. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते, दहा अंशांवर हवं होतं. मी डिस्ट्रिब्युटर हाताने जरा जरा फिरवत कानाने ऐकत गेलो, इंजिन जिथं सगळ्यात टवटवीत वाटलं तिथं बोल्ट आवळला. किती अंश झाले ते वहीत नाहीच. इतकी आकडेमोड केलेल्या वहीत नेमका तोच आकडा नाही.

आणि गाडी खरंच पळाली! खानापूर रोडला मच्छेच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला लागायची. ते पंधरा-वीस दिवस मी कॉलेजात कशातच नव्हतो.

आता वहीतलं पुढचं पान. दोन ओळी आहेत, दोनच, तीन नंबरच्या सिलिंडरच्या धूर बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) व्हॉल्वबद्दल. १२ नोव्हेंबर: 'नं. ३ एक्झॉस्ट, गाळा कमी. सेट केला.' २८ नोव्हेंबर: 'नं. ३ एक्झॉस्ट, परत कमी. सेट केला.' त्यानंतर लगेच कुठल्याशा मासिकात बघितलेल्या मोठ्या बॅरलचं गणित, ८३ बोअर घातला तर १३८५ सीसी, पानभर.

डिसेंबरात मामेबहिणीचा साखरपुडा. बेळगावहून दोन किलो कुंदा घेऊन आई, काकू, धाकटा भाऊ आणि मी मडगावला गेलो. लोंढा, रामनगर, अनमोड, मोले. जाताना उतार, त्रास काहीच नाही. परत येताना मोलेचं चेकपोस्ट सोडून चढ लागला. दुसरा गिअर, पाय पूर्ण खाली. तीन-चार वळणं गेली असतील, तोच मागून तापलेल्या तव्यावर तेल करपल्यासारखा वास आणि इंजिन एका पायाने लंगडायला लागलं. लाल दिवा नाही. पट्टा शाबूत. थोडं पुढे जाऊन थांबलोच. झाकण उघडलं तर शेकोटीसमोर तोंड धरल्यासारखी धग. काकू दगडावर बसून देवाचं नाव घेत होत्या. दोन तासांनी लाकडाच्या एका ट्रकवाल्याने दोराने ओढत घाटमाथ्यावर आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत त्या माणसाने.

हेड काढलं तेव्हा तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व हातात आला. भाकरीचा घास तोडावा तसा कडेचा तुकडा गेलेला.

मिस्त्रीमामांनी तो धोतराला पुसला, उजेडात धरला आणि माझी वही मागितली. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा. बोट ठेवत ठेवत त्या दोन ओळींवर आले.

"तम्मा, हे कोण लिहिलंय?"

"मीच, मामा."

"लिहिलंस. वाचलं कोण?"

त्या संध्याकाळी त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन रात्री लिहून काढलंय, सहा पानं. व्हॉल्वला पोचणारी बरीचशी उष्णता बैठकीला टेकलेल्या क्षणात हेडमध्ये उतरते. व्हॉल्व अतिगरम झाला की लांबतो, बैठकही खचायला लागते; दोन्हीमुळे गाळा आपोआप कमी होतो. गाळा संपला की व्हॉल्व नीट टेकत नाही. टेकत नाही म्हणून गार होत नाही. गार होत नाही म्हणून अजून लांबतो. पंधरा दिवसांत दोनदा गाळा कमी झाला म्हणजे तीन नंबर जळायला लागला होता. मी फीलर गेज, म्हणजे फट मापायची पट्टी, घालून स्क्रू सैल केला आणि वही मिटली.

तीनच का, तेही त्यांनी पंख्याचं पत्र्याचं घर उघडून दाखवलं. या जुन्या घरात ऑइल कूलर आतच उभा असतो, डाव्या बाजूच्या हवेच्या वाटेत. तीन नंबरला हवा मिळते ती कूलरला अडलेली आणि आधीच तापलेली. करणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं; पुढे १९७१ च्या गाड्यांपासून कूलर त्या वाटेतून बाजूला काढला. इंजिनाने आधीच ज्याला कमी वाढलंय, त्याच्यावरच मी सगळं ओझं टाकलं. खालचे पत्रे नाहीत, त्यामुळे हवा कंगोऱ्यांना वळसा न घालता सरळ खाली निसटली. रबराची पट्टी नाही, त्यामुळे सायलेन्सरची गरम हवा परत पंख्याने ओढली. टायमिंग पुढे. कॉम्प्रेशन वाढवलेलं.

आणि जेट. हे मिस्त्रीमामांनी सांगितलं नाही, रात्री लिहिताना माझं मलाच उमगलं आणि अंगावर काटा आला. जेट बेळगावच्या विरळ हवेला लावलेला. अनमोड उतरून मोल्याला गेलो की तीच हवा दाट होते, म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे जास्त गरम. चढ सुरू होतो तो नेमका तिथून, सगळ्यात दाट हवेत, गाडी भरलेली असताना. ज्या जेटखाली मी 'जमलं' लिहून दोन रेघा ओढल्या होत्या, त्याचाही या जळण्यात वाटा होता. ती ओळ मी खोडली नाही. इथल्या हवेला जमलंच होतं ते.

व्हॉल्व मिळायला दीड महिना लागला. तोवर खालचे पत्रे जुन्यांवरून कापून, वाकवून घेतले, तीन खेपा झाल्या पण अंगाला अंग लागेपर्यंत सोडलं नाही. रबराची पट्टी लावली. ऑइल बदललं, अडीच लिटरच मावतं यात, फिल्टर नाही, नुसती जाळी, आणि इंजिन गार करायचं कामही तेच करतं हे तेव्हा नुकतंच डोक्यात शिरत होतं. टायमिंग दहा अंशांवर, या वेळी दिवा लावून. जेट मामांचा मूळचा. बेळगावात प्लग थोडे काळे राहतात, राहू देत, मडगावला तर जायचंच असतं. वाढवलेलं कॉम्प्रेशन मात्र तसंच ठेवलं. मिस्त्रीमामा म्हणाले, ते काढू नको, एवढं तिला पेलतं. मार्चमध्ये अनमोड पुन्हा चढलो, एकटाच. दर दोन वळणांनी थांबून मागे हात धरून बघत होतो.

मिस्त्रीमामा जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांच्या जागेवर मोबाइलचं दुकान आहे. तिसऱ्या गेटावरून जाताना मी अजून तिकडे बघतो.

संध्याकाळी पाऊस जरा उणावला तेव्हा टॅपेट घेतले. पुली अर्धा अर्धा फेरा उलटी फिरवली की एक, दोन, तीन, चार असे सरळ क्रमाने सिलिंडर येतात. भाच्याला आज पहिल्यांदा फिरवायला दिली. त्याने विचारलं, "मामा, हिला अजून पळवता येईल?" येईल म्हटलं. मग त्याच्या हातात नवी वही दिली आणि आकडे त्यालाच लिहायला लावले. मागच्या खेपेचे, त्याच्या मागच्या खेपेचेही मोठ्याने वाचून घेतले.

नं. ३ एक्झॉस्ट: मागच्या वेळेइतकाच. त्याच्या मागच्या वेळेइतकाच.